उषादीदी आणि चार वाजताची गाडी

कुणाच्या घरी स्पीकर बसवायला गेल्या, की उषादीदी चपला दाराशी काढत, खोलीच्या मधोमध उभ्या राहत आणि एक टाळी वाजवत. एकच. मग मान जराशी कलती करून ती टाळी विरेपर्यंत ऐकत राहत. घरचे लोक चहाचा ट्रे घेऊन ताटकळलेले. कुणी बोलायला तोंड उघडलं, की दीदींचा हात वर. शेवटी निकाल लागायचा, तोही बहुतेक वेळा एकच : "खोली फार बडबडते. आधी दरी-सतरंजी टाका, पडदे लावा. स्पीकर मग बघू."

मला दरदरून घाम फुटायचा. कारण स्पीकर विकणारा मी, आणि या माझ्या बाजूनं आलेल्या!

माझं दुकान झाशीच्या सीपरी बाजारात होतं. मूळचा मी भुसावळचा. रेल्वेच्या टेलिकॉम खात्यात लागलो, बदलीवर झाशीला आलो आणि इथलाच झालो. स्टेशनावरचे भोंगे, अॅम्प्लिफायर, वायरी हे सगळं माझ्याकडे होतं आणि त्या भोंग्यांतून येणारा आवाज उषा करमरकरांचा होता. वीस-बावीस वर्षं झाशीला गाडी बदलणाऱ्या माणसानं त्यांचा चेहरा पाहिला नसेल, पण आवाज नक्की ऐकला असेल. सगळं स्टेशन त्यांना दीदी म्हणायचं, म्हणून मीही. त्या मला दिगंबरभैया म्हणत. वयानं त्या माझ्याहून दहा वर्षांनी मोठ्या.

त्यांचं माहेर झाशीतल्या जुन्या मराठी घरांपैकी. पूर्वज कधीकाळी कारभारासाठी आले ते परत गेलेच नाहीत. त्यामुळं दीदींचं मराठी मोठं मजेशीर होतं. रेल्वेच्या दोन खोल्यांच्या क्वार्टरात बाहेरच्या खोलीला त्या ऐटीत 'सदर' म्हणत, आतल्या चिमुकल्या स्वयंपाकघराला 'मुदपाकखाना', आणि त्याच दमात, "भैया, सदरेतली बत्ती बुझवून ये." मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा हसलो. त्या गंभीरपणे म्हणाल्या, "तुमच्या भुसावळचं मराठी ऐकून आम्ही हसतो का कधी?"

भोंग्यांवरून आमची रोज हुज्जत चालायची. मी आवाज वाढवलेला असे आणि त्या कमी करायला लावत. "मोठ्यानं कळत नाही रे, स्वच्छ आलं की कळतं," असं त्यांचं म्हणणं. मला पटायचं नाही. पटलं ते एका म्हातारीमुळं.

टहरौलीकडची एक म्हातारी गर्दीत मुलापासून चुकली. मुलगा रडकुंडीला येऊन चौकशीच्या खिडकीशी उभा. दीदींनी नियमाप्रमाणं शुद्ध हिंदीत दोनदा पुकारलं. म्हातारी काही आली नाही. तेव्हा दीदी खोलीतून उठल्या आणि मला घेऊन फलाटाच्या टोकापर्यंत चालत गेल्या. तिथं पत्र्याच्या छपराखाली उभ्या राहून म्हणाल्या, "ऐक. इथं माझं बोलणं ऐकू येतं का? नुसता गोंगाट येतोय. तो शेवटचा भोंगा छपरावर आपटतोय, बंद कर." मी बंद केला. दीदी परत गेल्या, माईक ओढला आणि नियम बाजूला ठेवून बुंदेलीत बोलल्या, अगदी शेजारणीला हाक मारावी तशा : "ओ टहरौली वारी अम्मा, जितै ठाड़ी हो उतई बैठ जाओ. तुमाओ मौड़ा आ रओ है."

जिथं उभी आहेस तिथंच बस, मुलगा येतोय. फलाटाच्या अगदी टोकाला, आम्ही नुकते जिथून परतलो होतो त्याच खांबाशी, पोत्यांच्या आड उभी असलेली म्हातारी मटकन खाली बसली. मुलाला ती पाच मिनिटांत सापडली. दीदींना वरून ताकीद मिळाली असं नंतर कळलं. त्यांनी ती घडी घालून पर्समध्ये ठेवली आणि मला म्हणाल्या, "तो भोंगा मात्र पुन्हा लावू नकोस."

पुढं रेकॉर्ड केलेल्या घोषणा आल्या. दीदी निवृत्त झाल्या. मी आधीच नोकरी सोडून दुकान टाकलं होतं. घरोघरी मोठे टीव्ही येऊ लागले होते आणि ज्याच्या घरी टीव्ही त्याला होम थिएटर हवं होतं. एके सकाळी दीदी दुकानात आल्या, स्टुलावर बसल्या आणि गिऱ्हाइकाशी चाललेलं माझं बोलणं ऐकत राहिल्या. गिऱ्हाईक गेल्यावर म्हणाल्या, "पाच स्पीकर आणि एक वूफर विकलास. खोली किती मोठी, सोफा कुठं, ऐकणार कोण, यातलं एक तरी विचारलंस?"

दुसऱ्या दिवसापासून त्या रोज अकराला येऊ लागल्या. पगार, कमिशन काही नको. फक्त आल्याचा चहा, आणि स्टूल खिडकीपाशी.

सिव्हिल लाइन्समधले ठेकेदार तिवारीजी त्याच सुमाराला आले. घरात संगमरवर, काच, आणि भिंतभर टीव्ही. त्यांना दुकानातला सगळ्यांत दांडगा सबवूफर, म्हणजे खर्जाची पेटी, पाहिजे होता. म्हणाले, "दीदी, ऐसा वूफर लगाओ कि पड़ोसी को पता चले."

दीदी शांतपणे म्हणाल्या, "पड़ोसी को ही सुनाना है, तो उसी के घर लगा देते हैं."

तिवारीजी खो खो हसले आणि तिथंच शरण आले. आम्ही त्यांच्या घरी गेलो. दीदींनी तो जड सबवूफर कोपऱ्यात न ठेवता चक्क सोफ्यावर ठेवायला लावला, तिवारीजी बसायचे त्या जागी. एक खर्जाचा सूर चालू केला, पदर कमरेला खोचला, आणि बासष्ट वर्षांच्या उषा करमरकर त्या चकचकीत फरशीवर भिंतीकडेनं रांगायला लागल्या. दर दोन हातांवर थांबायचं, कान खाली न्यायचा, पुढं सरकायचं. मला ती युक्ती ठाऊक होती. सबवूफर माणसाच्या जागी ठेवायचा आणि माणसानं सबवूफरच्या जागा धुंडाळायच्या. जिथं खर्ज स्वच्छ ऐकू येईल, तिथं पेटी ठेवायची. पण हे मी मापाचं यंत्र घेऊन केलं असतं. रांगलो नसतो.

तेवढ्यात तिवारीजींची आई दारात आली. हे दृश्य पाहून तिचा जीव कळवळला. "काय बिटिया, कछू गिर गओ का?"

दीदी रांगता रांगताच म्हणाल्या, "हओ अम्मा, ढूँढ़ रए."

आणि सापडलं! टीव्हीच्या डावीकडं, काचेच्या चौकटीतल्या तुळशीच्या चित्राखाली. तिवारीजींनी पुन्हा पुन्हा तेच दृश्य लावून पाहिलं. विमान डोक्यावरून जायचं, पण काच थरथरत नव्हती, पाहुण्यांचं बोलणं बुडत नव्हतं. निघताना ते मला बाजूला घेऊन म्हणाले, "भाईसाब, ये दीदी आपको मिलीं कहाँ से?" मी म्हणालो, "प्लेटफॉर्म से." त्यांना वाटलं मी थट्टा करतोय.

सबवूफरशी दीदींचं वैरच होतं म्हणा ना. गिऱ्हाइकानं 'बास, बास' केलं, की यांच्या कपाळाला आठी. "ढमढम ऐकायला लग्नाचा बँड आहे," म्हणायच्या. त्यांचा सगळा जीव मधल्या स्पीकरवर, ज्यातून माणसं बोलतात. बरुआसागरचे एक अदरकाचे व्यापारी सहा स्पीकरांचा संच घ्यायला आले, तेव्हा दीदींनी त्यांना घरातल्या माणसांबद्दल इतकं विचारलं, की शेवटी त्यांनी सांगितलं, आईला कमी ऐकू येतं, ती टीव्हीपुढं बसते पण सगळे हसून झाल्यावर एकटीच मागाहून हसते. दीदींनी संच परत खोक्यात भरायला लावला. एक चांगला मधला स्पीकर दिला आणि तो टीव्हीखाली न ठेवता आईच्या पलंगाशेजारी, तिच्या कानाच्या उंचीवर बसवून घेतला. महिन्याभरानं ते व्यापारी ओल्या आल्याची पिशवी घेऊन दुकानात आले. "दीदी, अब अम्मा सबके साथ हँसती हैं," एवढंच म्हणाले. दीदींनी पिशवी मला दिली. डोळे पुसायला त्यांना दोन्ही हात मोकळे हवे होते.

क्वार्टर सोडून घेतलेल्या त्यांच्या स्वतःच्या घराच्या सदरेत मात्र एक जुना ट्रान्झिस्टर. पुण्याहून मुलानं, श्रीकांतनं, एकदा सबंध होम थिएटर पाठवलं, ते त्यांनी कुणाच्यातरी लग्नात भेट देऊन टाकलं. "आमच्या यांना शांतता लागते," म्हणाल्या.

हे म्हणजे गजाननराव. रेल्वेचे इंजिन ड्रायव्हर. उंच, काटक माणूस, अत्यंत कमी बोलणारा. पस्तीस वर्षं डिझेल इंजिनात काढली, त्यामुळं घरी शांतता हवी असणार, असं आम्ही सगळे समजत होतो.

निवृत्तीनंतर दहाएक वर्षांनी गजाननरावांना विसर पडायला लागला. आधी चष्मा, मग माणसं, मग वर्षं. सकाळी ठीक असत. पण दुपारचे चार वाजत आले, की त्यांच्या जिवाची उलघाल सुरू होई. ड्यूटीची वेळ झाली म्हणत. बूट शोधत, डबा मागत. दीदींनी समजावलं तर संतापत, आणि संताप त्यांच्या स्वभावात कधीच नव्हता. एके दिवशी दीदी मागं कपडे वाळत घालत होत्या तेवढ्यात ते निघून गेले. जुना कोट अंगात, हातात रिकामा डबा. फाटकवाल्यानं त्यांना रुळांच्या कडेनं चालताना पाहिलं. ओळखत होता म्हणून हात धरून घरी आणलं.

डॉक्टरांनी झोपेची गोळी दिली. श्रीकांत पुण्याहून धावत आला. म्हणाला, दाराला बाहेरून कडी लाव, नाहीतर मी त्यांना तिकडच्या एखाद्या संस्थेत ठेवतो. दीदींनी गोळी चार दिवस दिली. पाचव्या दिवशी दुकानात आल्या, स्टुलावर न बसता उभ्याच राहिल्या.

"भैया, एक सबवूफर दाखव."

मला वाटलं, ऐकण्यात चूक झाली.

"दाखव रे. आजवर ज्याला नावं ठेवली त्याच्याच दारात आलेय." मग खाली बसल्या. "गोळी दिली की हे झोपत नाहीत. नुसते विझतात. आणि दाराला कडी लावायला माझा हात धजत नाही. पस्तीस वर्षं ज्यानं हजारो माणसं घरी पोचवली त्याला कोंडू मी? त्यांना ड्यूटीवर जायचंय ना, मग जाऊ देत. गाडी सदरेत आणू आपण."

त्या दुपारी आम्ही दुकानाचं अर्धं शटर ओढून घेतलं. चार सबवूफर मांडले. दीदींनी खुर्ची ओढली, डोळे मिटले आणि दोन्ही तळवे खुर्चीच्या हातांवर ठेवले. त्या कानांनी ऐकत नव्हत्या, हातांनी ऐकत होत्या. पुढं भोक असलेले दोन सबवूफर लगेच बाद झाले. "हे आवाज लांबवतात. इंजिनाचा ठोका सुटा सुटा यायला पाहिजे." तिसरा फार हलका. चौथा बंद पेटीचा, दिसायला अगदीच सामान्य, कुणी न विचारलेला. त्यावर त्यांची बोटं थांबली. "हा," म्हणाल्या.

मागच्या दोन स्पीकरांसाठी त्यांनी त्याहून जास्त वेळ घेतला. मी नेहमीच्या सवयीनं भिंतीवर उंच लावायचे ब्रॅकेट काढले. दीदींनी ते बाजूला केले. "गाडी काय छपरावर असते? ड्रायव्हरच्या मागं असते. कानाच्या उंचीला, आणि जरा लांब." छोटे, मऊ आवाजाचे दोन स्पीकर निवडले. टीव्ही नको, पडदा नको. पुढं फक्त खिडकी.

आता आवाज हवा होता. माझ्या ओळखीच्या एका ड्रायव्हरनं उभ्या इंजिनाचा आवाज आणून दिला. दीदींनी अर्धा मिनिट ऐकून तो बंद केला. "हे इंजिन नाही, शिवणयंत्र आहे." दुसरा नापास, तिसरा नापास. शेवटी आम्ही दोघं दुपारच्या पॅसेंजरनं बरुआसागरला गेलो. इंजिनालगतच्या डब्यात बसलो, रेकॉर्डर दीदींच्या मांडीवर, त्यात वारा घोंगावू नये म्हणून वर रुमाल. सगळा प्रवासभर त्यांनी मला एक अक्षर बोलू दिलं नाही. समोरच्या बाईनं विचारलं, "बहनजी, तबियत ठीक नहीं है?" तर तिलाही ओठांवर बोट. परतीला मात्र मनमोकळ्या बोलल्या. म्हणाल्या, लग्नाला इतकी वर्षं झाली, पण यांच्या इंजिनात काय ऐकू येतं हे आज पहिल्यांदा ऐकलं. मी फलाटावर, हे गाडीत. हे यायचे तेव्हा मी बोलत असायची, मी गप्प व्हायची तेव्हा हे निघून गेलेले असायचे.

पहिल्या दिवशी सगळं फसलं. चारला दहा मिनिटं असताना गजाननरावांना खुर्चीत बसवलं, मी आवाज सोडला. ते ताठ झाले, खुर्चीचे हात घट्ट धरले आणि ओरडले, "ब्रेक! ब्रेक मारा!" चेहरा पांढराफटक. दीदींनी झडप घालून बटण बंद केलं आणि त्यांचं डोकं पोटाशी धरून कितीतरी वेळ उभ्या राहिल्या. मला वाटलं, संपलं. मी वायरी गुंडाळायला वाकलो तर म्हणाल्या, "राहू दे. चूक त्यांची नाही, माझी. कानाला ऐकू आला म्हणजे जास्त झाला. उद्या अर्ध्यावर आण."

दुसऱ्या दिवशी सबवूफर इतका खाली आणला, की आवाज नाहीच, नुसती खुर्चीच्या लाकडात एक धुगधुगी. मागच्या स्पीकरांतून डब्यांची खडखड, दूरून आल्यासारखी. गजाननराव आधी नुसते बसले. मग पाठ खुर्चीला टेकली. डावा हात खिडकीच्या बाजूला गेला आणि नजर समोर, लांब कुठंतरी. दीदी त्यांच्या शेजारी स्टूल घेऊन बसल्या, असिस्टंट बसतो त्या बाजूला. थोड्या वेळानं हलकेच म्हणाल्या,

"डिस्टेंट, हरा."

ड्रायव्हर आणि असिस्टंट येणारा सिग्नल एकमेकांना बोलून दाखवतात, तशी रीत असते; डिस्टेंट म्हणजे स्टेशनाच्या लांबचा सिग्नल, होम म्हणजे जवळचा. गजाननरावांनी मानही वळवली नाही. पण ठाम, स्वच्छ आवाज आला :

"डिस्टेंट हरा!"

"होम, हरा."

"होम हरा!"

गेले कित्येक महिने या माणसाला बायकोचं नाव आठवत नव्हतं. मी स्वयंपाकघरात जाऊन उगाच पाणी प्यायलो.

चाळीस मिनिटांनी रेकॉर्डिंग संपलं. गजाननराव उठले, "झाशी आली," म्हणाले, मोरीत जाऊन कोपरापर्यंत हात धुतले आणि चहा मागितला. त्या दिवशी कुणी बूट शोधले नाहीत.

पुढं दोन वर्षं ती गाडी रोज चार वाजता सुटत होती. रोज जमायचं असं नाही. कधी ते मध्येच उठत, कधी रडत. पण दाराला कडी लागली नाही. श्रीकांत सुट्टीत आला तेव्हा असिस्टंटच्या स्टुलावर तो बसला. बापाबरोबर एक फेरी करून बाहेर आला आणि आईच्या पायाशी बसला. पुण्याच्या संस्थेचा विषय पुन्हा निघाला नाही. त्याची मुलगी झाशीला आली की सगळ्यांशी हिंदीतच बोलायची, तिनं मला विचारलं, "अंकल, दादाजी सच में चला रहे हैं?" मी म्हणालो, हो.

गजाननराव एका सकाळी झोपेतच गेले. तेराव्यानंतर श्रीकांत आईला पुण्याला न्यायला आला. दीदी तयार झाल्या. सामानाची बांधाबांध चालली होती तेव्हा त्यांनी मला बोलावलं, स्पीकर काढून न्यायला. तुझ्याच दुकानातलं आहे, कुणाला उपयोगी पडेल त्याला दे, म्हणाल्या.

मी गेलो तेव्हा सदरेत खोकी, सुतळ्या, वर्तमानपत्रं. खुर्ची मात्र जागच्या जागी. मी गुडघ्यांवर बसून सबवूफरची वायर सोडवायला लागलो, तर म्हणाल्या, "थांब. एकदा लाव."

मी लावलं. दीदी सवयीनं स्टुलाकडं वळल्या, थबकल्या, आणि गजाननरावांच्या खुर्चीत जाऊन बसल्या. तेव्हा माझ्या लक्षात आलं, दोन वर्षांत त्या या खुर्चीत कधी बसल्याच नव्हत्या. स्पीकर लावताना खुर्चीत गजाननरावच असत, आणि दीदी शेजारून, मागून, उभ्यानं, अंदाजानं सगळं ठरवत असत.

डोळे मिटून त्यांनी तळवे खुर्चीच्या हातांवर ठेवले. गाडी चालू लागली. मी भिंतीला टेकून उभा राहिलो. बऱ्याच वेळानं त्यांनी मान किंचित उजवीकडं कलती केली. कपाळावर ती नेहमीची बारीक आठी आली.

"भैया, मागचा उजवा जास्त होता रे," त्या म्हणाल्या. "इतके दिवस. आणि हे एका शब्दानं बोलले नाहीत."

मी जाऊन त्या स्पीकरचं बटण जरासं मागं फिरवलं. त्यांनी हातानं खूण केली, अजून थोडं. मी अजून थोडं फिरवलं.

"आता बरोबर," दीदी म्हणाल्या, आणि डोळे न उघडता तशाच बसून राहिल्या. मी सुतळीचं बंडल खाली ठेवलं, आणि दार हलकेच ओढून घेऊन बाहेरच्या पायरीवर जाऊन बसलो.